वाचनमंदिराचा पाया

आपण ग्रंथालयात जातो. कपाटातील एखादे पुस्तक निवडतो आणि ग्रंथपालांपुढे ठेवतो. ते नोंदवहीत आपले नाव, पुस्तकाचे नाव आणि तारीख लिहितात व पुस्तक आपल्या हाती देतात. ते आपले आप्त नसतात. पुष्कळदा त्यांची व आपली ओळखही नसते. तरीही संस्थेच्या मालकीची वस्तू ते निर्धास्तपणे आपल्या स्वाधीन करतात. आज ही गोष्ट आपल्याला अगदी साधी वाटते. परंतु सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुणे शहरात ती मोठ्या नवलाची होती. हे नवल पुण्यात घडवून आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, त्या गोपाळ हरी देशमुख यांची ही कथा आहे. महाराष्ट्र त्यांना ‘लोकहितवादी’ या नावाने ओळखतो.

गोपाळरावांचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३ रोजी पुण्यात झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळे त्यांना देशमुख म्हणू लागले. वडील हरिपंत हे पेशव्यांचे शेवटचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिच्याबरोबर असल्या शेकडो घराण्यांचा आधार गेला. गोपाळरावांच्या बालपणी पुण्यात जुन्या वैभवाच्या गोष्टी घरोघरी चालत. पण राज्य का गेले, परके लोक सात समुद्र ओलांडून येथे कसे आले, त्यांच्याजवळ असे काय होते की जे आपल्याजवळ नव्हते, या प्रश्नांची उत्तरे सहसा कोणाजवळ नसत. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना वडील निवर्तले. घरची जबाबदारी अंगावर आली, परंतु शिकण्याची ओढ कमी झाली नाही.

पहिले शिक्षण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे झाले. पुढे १८४१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी सरकारी शाळेत इंग्रजी शिकण्यास आरंभ केला. आज मुले ज्या वयात शाळा संपवून बाहेर पडतात, त्या वयात हा तरुण नव्या भाषेची मुळाक्षरे गिरवीत बसला. तीनच वर्षांत त्याने त्या भाषेवर एवढे प्रभुत्व मिळवले की १८४४ साली दक्षिणेतील सरदारांचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीत त्याला भाषांतरकाराची जागा मिळाली. १८४६ साली तो मुनसफीची परीक्षा उत्तीर्ण झाला. संस्कृत, फारसी आणि गुजराती या भाषाही गोपाळरावांनी आत्मसात केल्या. इतिहास हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता. जगातील राष्ट्रे कशी वर येतात व कशी खाली जातात, हे ते इंग्रजी ग्रंथांतून वाचू लागले. लहानपणापासून मनात घर करून बसलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना मिळू लागली ती ग्रंथांतून.

पण हे ग्रंथ मिळणार कोठे? त्या वेळचे पुणे डोळ्यांपुढे आणा. विद्वानांना या शहरात तोटा नव्हता. विश्रामबागवाड्यात १८२१ पासून सरकारी संस्कृत पाठशाळा चालू होती. विद्वानांच्या घरी पोथ्यांचे गठ्ठेही होते. पोथी म्हणजे बोरूने लिहिलेली सुटी, लांबट पाने. ती दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून कापडी रुमालात घट्ट बांधीत. एक पोथी नकलून घ्यायची तर लेखनिकाला महिनेच्या महिने लागत. म्हणून पोथी हे घरातील धन समजले जाई. पोथी पुरी झाली म्हणजे लेखनिक शेवटी विनवणी लिहीत असे, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, हिची बांधणी सैल होऊ देऊ नका आणि अजाण माणसाच्या हाती ही देऊ नका. यातील पहिल्या तीन सूचना आजही प्रत्येक ग्रंथपालाला पटतील. चौथीने मात्र समाजाचे मोठे नुकसान केले. अजाण कोण, हे ज्याच्या घरी पोथी तोच ठरवीत असे. स्त्रियांना आणि खालच्या मानलेल्या जातींना तर अजाण ठरवण्यासाठी कसली परीक्षाही लागत नसे. ज्याला ज्ञानाची सर्वांत जास्त गरज, त्याच्यापासूनच ते सर्वांत जास्त दूर ठेवले जाई.

छापखाने आल्यावर हे चित्र पालटू लागले. मुंबईत १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. १८४१ साली भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ काढले. शिळाप्रेसवर व खिळ्यांच्या छापखान्यात मराठी पुस्तके निघू लागली. एका पोथीच्या जागी शेकडो प्रती तयार होऊ लागल्या. तरी सामान्य माणसाला पुस्तक विकत घेणे परवडत नसे आणि इंग्रजी ग्रंथ तर विलायतेहून जहाजाने येत. दहा जणांनी आपापल्या घरी एक एक पुस्तक घ्यावे, तर प्रत्येकाचे एकच पुस्तक वाचून होते. तेच दहा जणांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून दहा पुस्तके घ्यावीत आणि एका जागी ठेवावीत, तर प्रत्येकाला दहाही वाचता येतात. ग्रंथालयाचा सारा हिशेब या साध्या गणितात आहे.

महाराष्ट्रात काही ठिकाणी हे गणित आधीच उमगले होते. रत्नागिरीस १८२८ साली, अहमदनगरास १८३८ साली आणि नाशिकास १८४० साली ग्रंथालये निघाली होती. विद्येचे माहेरघर म्हणवणारे पुणे मात्र मागे राहिले होते. ही उणीव गोपाळरावांना सलत होती. त्यांनी शहरातील सुशिक्षित गृहस्थांच्या मनात हा विचार रुजवला, इंग्रज अधिकाऱ्यांचे साह्य मिळवले आणि १८४८ साली पुण्यात ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली. त्या वेळी गोपाळराव अवघे पंचवीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी अमेरिकेतील बोस्टन शहराला सार्वजनिक ग्रंथालय काढण्याची परवानगी तेथील कायदेमंडळाने दिली. ते ग्रंथालय १८५४ साली लोकांसाठी उघडले. इंग्लंडमध्ये नगरपालिकांना ग्रंथालयासाठी कर बसवण्याचा अधिकार देणारा कायदा १८५० साली झाला. यावरून ध्यानात येईल की हा विचार त्या वेळी साऱ्या जगातच नवा होता. एक भेद मात्र होता. बोस्टनचे ग्रंथालय शहराच्या पैशावर, सर्वांसाठी विनामूल्य चालणार होते. आपल्याकडची त्या काळची ग्रंथालये वर्गणीवर आणि दात्यांच्या देणग्यांवर चालत. वर्गणी आटली की पुस्तके आटत आणि वाचकांनी पाठ फिरवली की दिवा विझे. म्हणून ग्रंथालय स्थापन करण्यापेक्षा ते चालवणे अधिक कठीण होते.

ग्रंथालय चालते ते नियमांवर. हे नियम पाहिले म्हणजे त्यांत केवढा मोठा विचार साठवलेला आहे ते कळते. पुस्तक नेताना नोंद करावी, म्हणजे ते कोठे गेले हे विसरले जात नाही. ठरलेल्या मुदतीत ते परत करावे, कारण त्याच पुस्तकासाठी दुसरा कोणी वाट पाहत असतो. पानांवर रेघोट्या ओढू नयेत, कोपरे मुडपू नयेत, कारण आपल्यानंतर पन्नास वर्षांनी येणारा वाचकही त्या पुस्तकाचा आपल्याइतकाच धनी आहे. पावसाळ्यात कपाटांना हवा द्यावी, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची पाने घालावीत, सुटलेली शिवण वेळीच शिवून घ्यावी. वर्गणीचा आणि खर्चाचा हिशेब सर्वांपुढे ठेवावा.

शांततेचा नियम तर त्या काळच्या लोकांना फारच चमत्कारिक वाटण्याजोगा होता. आपल्याकडे वाचन म्हणजे मोठ्याने वाचणे. देवळात पुराणिक वाचीत आणि श्रोते ऐकत. घरी आजोबा पोथी वाचीत ती सुरावर. एकाच दालनात दहा माणसे बसून दहा निरनिराळी पुस्तके मनातल्या मनात वाचतात, कोणी कोणाला अडथळा करीत नाही, हा रिवाज ग्रंथालयाने शिकवला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली. पुराणिक जो अर्थ सांगतील तो श्रोत्यांनी मान डोलावून घ्यायचा असतो. मुकाट्याने वाचणाऱ्याला मात्र स्वतःच अर्थ लावावा लागतो, शंका घ्यावी लागते, पुन्हा मागचे पान उलटून पाहावे लागते. गोपाळरावांना आपल्या लोकांत हाच गुण यायला हवा होता.

जुनी रीत अशी होती की ओळखीच्या, आपल्या माणसालाच पोथी द्यावी. ग्रंथालयाची रीत अशी की नियम पाळण्याचे वचन देणाऱ्या कोणालाही पुस्तक द्यावे. ओळखीची जागा नियमाने घेतली. ज्या समाजात माणसे एकमेकांचा विश्वास जात आणि घराणे पाहून धरीत, तेथे हा बदल लहान नव्हता.

तरीसुद्धा त्या दाराने सर्वांना एकदम आत घेतले असे म्हणता येणार नाही. वर्गणी भरण्याची ऐपत आणि वाचता येण्याइतके शिक्षण या दोन गोष्टी फारच थोड्या लोकांजवळ होत्या. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानलेले लोक आणि स्त्रिया या बहुतेक सर्वांना अक्षरओळखच करून दिलेली नव्हती. त्याच १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. एकाच वर्षी, एकाच शहरात ग्रंथालयही निघाले आणि मुलींची शाळाही निघाली. शाळेवाचून ग्रंथालय अपुरे होते आणि ग्रंथालयावाचून शाळाही अपुरीच होती. त्या शाळेत पाटीवर पहिले अक्षर काढणाऱ्या मुलींच्या नाती आणि पणती पुढे वाचनालयाच्या दाराशी येणार होत्या.

ग्रंथालय निघाले, परंतु वाचण्याची इच्छा लोकांत उत्पन्न कशी करावी? त्यासाठी गोपाळरावांनी लेखणी हाती घेतली. १८४८ सालीच ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने त्यांची पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. दोन वर्षांत त्यांनी एकशे आठ पत्रे लिहिली. ती ‘शतपत्रे’ या नावाने मराठी वाङ्मयात अजरामर झाली आहेत. या पत्रांत त्यांनी आपल्याच समाजाला, त्यातही विद्वान म्हणवणाऱ्या आपल्याच वर्गाला, कठोर शब्दांत जागे केले. अर्थ न समजता केलेले पाठांतर म्हणजे विद्या नव्हे, हे त्यांनी परोपरीने समजावले. भूगोल, इतिहास, शास्त्रे, राज्यकारभार यांचे ज्ञान मिळवा, वर्तमानपत्रे वाचा, मुलींना शिकवा, लहानपणी लग्ने लावू नका, विधवांना पुन्हा संसार करू द्या, जातीचा गर्व सोडा, देशात होणारा माल वापरा, असे त्यांचे सांगणे होते. इंग्रजांचे राज्य त्यांना एखाद्या कडक शिक्षकासारखे वाटे. त्या शिक्षकापासून विद्या घ्यावी, शहाणे व्हावे आणि मग आपला कारभार आपण पाहावा, अशी त्यांची धारणा होती.

असले बोल कोणाला गोड लागणार? पुष्कळ वाचक संतापले. आपल्याच लोकांची निंदा करतो म्हणून त्यांना दूषणे मिळाली. पुढे, १८७४ साली निघालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीही त्यांच्यावर कडाडून टीका केली. लोकहितवादी परकीयांचे गुण अधिक आणि स्वकीयांचे दोष अधिक पाहतात, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि त्यात काही तथ्यही होते. पण या वादाचा एक लाभ असा झाला की लोक वाचू लागले. खोडून काढण्यासाठी का होईना, पण आधी वाचावे लागते. ‘शतपत्रे’ आणि ‘निबंधमाला’ ही दोन्ही पुस्तके आज ग्रंथालयाच्या एकाच कपाटात शेजारी शेजारी नांदत आहेत. ग्रंथालय कोणाची बाजू घेत नाही. ते दोघांनाही जागा देते आणि निवाडा वाचकावर सोपवते.

लोकहितवादींची चाकरी पुढे चढत गेली. १८५२ साली ते वाईस मुनसफ झाले. नंतर इनामांच्या चौकशीच्या खात्यात आणि न्यायखात्यात त्यांनी निरनिराळ्या ठिकाणी काम केले. अहमदाबादेस ते बरीच वर्षे न्यायाधीश होते. सरकारी नोकर बदली होऊन परगावी गेला म्हणजे तेथे परक्यासारखा राहतो. लोकहितवादींनी तसे केले नाही. गुजराती भाषेत ग्रंथ निर्माण व्हावेत म्हणून अहमदाबादेत १८४८ पासून ‘गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी’ ही संस्था काम करीत होती. त्यांनी तिच्या कार्याला नवा जोम आणला, व्याख्याने करविली आणि ‘हितेच्छु’ नावाचे पत्र सुरू करविले. गाव बदलले, भाषा बदलली. पण लोकांपुढे ग्रंथ ठेवण्याचे व्रत बदलले नाही.

या सर्व उद्योगांत त्यांचे स्वतःचे लेखनही चालूच होते. ‘लक्ष्मीज्ञान’ या ग्रंथात त्यांनी अर्थशास्त्राचा विषय मराठीत आणला. ‘ग्रामरचना’, ‘जातिभेद’, ‘ऐतिहासिक गोष्टी’ अशी त्यांची कितीतरी पुस्तके आहेत. इंग्रजी न येणाऱ्या मराठी वाचकाला नवे ज्ञान त्याच्या भाषेत मिळावे, हा त्यांचा हेतू होता. ग्रंथालयाची कपाटे केवळ इंग्रजी पुस्तकांनी भरली, तर त्यांचा उपयोग मूठभरांनाच होणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

म्हणूनच त्यांनी आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले. ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरली. रानडे अध्यक्ष होते. मराठीत ग्रंथांची वाढ कशी होईल याचा त्या सभेत विचार झाला. आज दरवर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनाचा उगम या सभेत आहे. ग्रंथालय वाचकांना एकत्र आणते. ही सभा लिहिणाऱ्यांना एकत्र आणणारी होती.

१८७९ साली लोकहितवादी सेवानिवृत्त झाले. १८८० साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. पुढे काही काळ ते रतलाम संस्थानचे दिवाण होते. मानाची पदे मिळाली, ‘रावबहादूर’ ही पदवीही मिळाली. पण साठीच्या घरात आलेल्या या गृहस्थाने १८८२ साली काय केले असेल? त्यांनी ‘लोकहितवादी’ नावाचे मासिक सुरू केले! अखेरपर्यंत ते लिहीत राहिले. ९ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

त्यांनी ज्याचा पाया घातला ते ग्रंथालय मात्र जगले. ‘पुणे नगर वाचन मंदिर’ या नावाने ते आज ओळखले जाते. २०२३ साली त्याला १७५ वर्षे पूर्ण झाली. या काळात राज्ये बदलली, पेशव्यांचे वाडे जळाले आणि पडले, प्लेगने शहर ओस पडले आणि पुन्हा वसले. वाचक मात्र पिढ्यानपिढ्या तेथे येत राहिले. लोकहितवादींच्या मागून आणखी कितीतरी जणांनी ग्रंथालयाचे दार रुंद केले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० पासून आपल्या राज्यात विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके घालून ती खेड्यापाड्यांत पाठवली. १९६७ साली महाराष्ट्र राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. जे काम एकेकाळी मूठभर वर्गणीदारांच्या उत्साहावर अवलंबून होते, त्याला शासनाच्या अनुदानाचा आधार मिळाला.

तरीही एक गोष्ट कोणत्याही कायद्याने होत नाही. पुस्तक वेळेवर परत करणे, त्याची पाने जपणे, दुसऱ्याच्या वाचनात व्यत्यय न आणणे हे वाचकाच्याच हाती असते. ग्रंथालयातील एखादे जुने पुस्तक घेऊन त्याचे पहिले पान उघडा. तेथे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे ठसे एकाखाली एक उमटलेले दिसतील. त्यांतील प्रत्येक तारीख म्हणजे एक वाचक. त्याने ते पुस्तक वाचले, जपले आणि तुमच्यासाठी परत आणून दिले. तुम्हांला त्याचे नाव ठाऊक नाही व त्यालाही तुमचे नाव ठाऊक नव्हते. आता त्या चिठ्ठीवर तुमच्या तारखेचा ठसा उमटेल आणि त्याच्याखालची जागा पुढच्या वाचकासाठी मोकळी असेल.